बीळ कोणत्या हाताचं

डिचोलीहून पेडण्याला जाणाऱ्या बसमध्ये माझ्या मांडीवर शाळेच्या प्रदर्शनाचा तक्ता होता. कोट्यवधी वर्षांपूर्वी नामशेष झालेला, कुत्र्याच्या पिल्लाएवढा एक सरपटणारा प्राणी आणि मळसूत्रासारखं फिरत खाली जाणारं त्याचं बीळ मी रंगवलं होतं. शेजारी सावंतवाडीकडचा एक विहिरी खणणारा बसला होता. जांभ्याची लाल माती त्याच्या नखांत कायमची मुरलेली.

त्याने डाव्या हाताचं बोट बिळावरून वळणावळणाने तळापर्यंत नेलं आणि एकदम ताठ बसला.

"टीचर, ह्यो डावरो होतो. माझी पण बाव खणताना अशीच डावीकडे जाता. मुकादम ओळंबो सोडून रोज वरडता." आपला डावखुरा पंजा नाचवत तो पुढच्या सीटवरच्या दोघांनाही तक्ता दाखवू लागला.

मला कबूल करावं लागलं, की वळण मी हाताला येईल तसं काढलंय. त्याचा पंजा हवेतच थांबला. आता मलाही राहवेना. मोबाइलवर दगड झालेल्या खऱ्या बिळाचा फोटो शोधला आणि आम्ही दोघांनी डोकी जवळ आणून तो पाहिला. बीळ उजवीकडे वळत होतं.

त्याने फोटोतल्या बिळावरून बोट उजवीकडे फिरवून पाहिलं.

"उजवो तर उजवो," तो म्हणाला. "पण बीळ त्येना खणल्यान. त्येचो हात तुमी बदलू नकात."

पेडण्याला प्रदर्शनाच्या हॉलमध्ये पोचल्यावर मी तक्ता उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर ते बीळ पहिल्यापासून काढायला घेतलं.