अंतरा आला की घाई होते

गेल्या आठवड्यात तीन दुपारी मी पालीच्या धरणाजवळ गाडी उभी करून, काचा वर करून, गिटार वाजवत बसलो होतो. एसी बंद, कारण त्याचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये येतो... शर्ट घामानं सीटला चिकटला होता.

झालं असं, की आमच्या कॉलेजच्या बँडचं एक जुनं रॉक गाणं नव्यानं करायचं ठरलं. बँड म्हणजे आम्ही तिघंच. उमेश बेस वाजवायचा आणि गायचा, तो आता पुण्यात. सलीम ड्रमवर, तो सौदीत दम्मामला एका गॅरेजमध्ये. गिटारवर मी, आणि मी बीडलाच.

माझं दुकान मांजरसुंब्याच्या चौकात, तिथं दिवसभर ट्रकचे हॉर्न. घरी टीव्ही, कुकर, पाहुणे. म्हणून धरण गाठलं.

उमेशनं एक टिकटिक पाठवली, तिला क्लिक म्हणतात. ती इअरफोनमध्ये ऐकत ज्यानं त्यानं आपापल्या गावी वाजवायचं, मग उमेश सगळं एकत्र रचणार. सोपं वाटलं होतं...

पण अंतरा आला की मी टिकटिकीच्या पुढे निघून जायचो. दर वेळी, त्याच जागी. उमेशचा फोन आला, "कावून पळायलास बे? गाडी सुटायली का तुझी?"

चौदा टेक दिले आणि चौदाही वेळा पळालो. शेवटी उमेश चाचरतच म्हणाला, "हितं एक जण हाय, लई साफ वाजवतो. गिटार त्याच्याकडून घेऊ का? वाईट वाटून घेऊ नको."

घे ना, त्यात काय, असं म्हणून मी फोन ठेवला. आणि खरंच रडू आलं. घर भरलेलं आहे, दुकानात गिऱ्हाइकं आहेत... पण हे दोघं गेल्यापासून गिटार काढली की मी एकटाच असतो. आता त्या गाण्यातूनही मी बाहेर पडणार होतो.

शुक्रवारी सलीमला सुटी असते. त्यानं आपल्या खोलीत इलेक्ट्रॉनिक पॅडवर ड्रम वाजवून पाठवला. संध्याकाळी उमेशचा फोन आला, आधी नुसता हसतच होता.

"सलीमपण पळालाय बे, त्याच जागी! क्लिक बंद केली अन् तुझा तिसरा टेक त्याच्या ड्रमवर ठेवला. दोघं संगंच पळायलात. मीच मागं राहिलो, आता मलाच बेस परत वाजवावा लागतो."

सलीमला विचारलं, तर त्याचा एका ओळीचा मेसेज. "उधर तो भागनाच पडता ना रे."

कॉलेजात अंतऱ्याला तो पेटायचा आणि मी त्याच्यामागे धावायचो. की मी पेटायचो आणि तो धावायचा... आता आठवत नाही. इतकी वर्षं मी समजत होतो, की माझा हातच कच्चा आहे.

दुसऱ्या दिवशी पुन्हा पालीला जाऊन उमेशनं जोडून पाठवलेलं गाणं ऐकलं. सुरुवातीला सलीमच्या आवाजात मोजणं आहे, "एक, दो..." कानात क्लिक असताना मोजायची काही गरज नव्हती. तरी त्यानं मोजलं होतं.

गाणं संपलं तेव्हा गाडीत मी एकटाच होतो. काचा खाली केल्या आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं.

उमेश, तो तिसरा टेक डिलीट केला नाहीस, तुझे उपकार आहेत. आणि सलीमभाई... आता या वयात ताल सुधारू नकोस.