मिठाच्या कणकेचा दिवा

अक्षर वाईट आहे, ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, त्याबद्दल माफ करा. शाळा चौथीपर्यंतच झाली. आणि हे मी कुणाला सांगितलेलं नाही – नवऱ्याला नाही, देवापुढंही नाही. तोंडानं सांगणं जमत नाही, म्हणून वहीत लिहिते.

चिकलठाण्याला एका घरी मी मुलगी सांभाळते. ओवी. हे घडलं तेव्हा ती चार वर्षांची होती. तिची आई, म्हणजे ताई, खोलीचं दार लावून घरूनच कंपनीचं काम करायच्या. मुलीनं मोबाइल मागू नये म्हणून त्यांनी एक खेळ दाखवला. दोन वाट्या कणीक, एक वाटी मीठ, पाणी. घट्ट मळायचं, त्याची फुलं, बैल, बाहुल्या करायच्या, पंख्याखाली वाळवायच्या आणि रंगवायच्या.

मला तो गोळा हातात धरवत नसे. मीठ बोटांच्या भेगांत शिरायचं, चिकट पीठ नखांत बसायचं. पण खरी किळस वेगळीच होती – चांगल्या गव्हाचं पीठ, आणि आम्ही ते नासवत होतो. मी मात्र हसून मळायचे. आत काय चाललंय ते कुणाला दिसतं?

दिव्यांच्या अवसेला त्या घरी कणकेचे गोड दिवे उकडले. स्वयंपाकाला सिल्लोडकडची कांताबाई होती, तिनं तूप घालून ओवीला दोन खाऊ घातले. चार दिवसांनी ओवीनं मिठाच्या कणकेचे तसेच दिवे केले – वातीसाठी अंगठ्यानं खड्डा पाडलेले. एक माझ्यापुढं धरून म्हणाली, "मावशी, हा खाऊ?"

इथं हात थांबतो. पण लिहायलाच बसले आहे ना?

मी म्हणाले, "खा की. पिठाचा खेळ करतीस ना, मग खा."

तिनं चावा घेतला, तोंड वाकडं केलं, माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, "टाकायचं नाय. सगळं खायचं." ती आईपेक्षा माझं जास्त ऐकायची. डोळ्यांतून पाणी गळत होतं, तरी तिनं दिवा संपवला, आणि मी समोर बसून बघत राहिले. माहीत नव्हतं असं कसं म्हणू? माझ्या बापाची मेंढरं होती. मिठाच्या गोणीला तोंड लावलेलं मेंढरू कसं तडफडतं, ते मी लहानपणीच पाहिलं होतं.

तासाभरात उलट्या सुरू झाल्या. पहिली फरशीवर झाली. तिच्यात पांढरे, गिळगिळीत गोळे होते. ताई दार उघडून येईपर्यंत – लिहिताना अजून हाताला तो वास येतो – मी ते गोळे वेचून पदरात गुंडाळले. पोरीचं तोंड नंतर पुसलं. आधी गोळे वेचले.

काय खाल्लं, ताईंनी विचारलं. मी म्हणाले, "वांग्याची भाजी. उतरलेली वाटत होती. कांताबाईनं कालचीच गरम केली." भाजी सकाळची ताजी होती. वांगी मीच चिरून दिली होती.

ओवी दोन दिवस सलाईनवर होती. "दिवा, दिवा" म्हणत होती. ताईंना वाटलं, पोरीला अवस आठवतेय. मी उशाशीच होते.

कांताबाईला ताईंनी दारातूनच कामावरून काढलं, महिन्याचा पगारही दिला नाही. जाताना ती मला म्हणाली, "तू तरी सांग की गं. वांगी तूच चिरली व्हती." मी खाली मान घालून लादी पुसत राहिले. लोक म्हणतात, फार लाजाळू बाई आहे. कसली लाज? तोंड उघडलं ते खोटं बोलायलाच.

ओवीला यातलं काही आठवत नाही. आता ती पाचवीत आहे, माझ्या पुढं गेली. अजून गळ्यात पडते. तेव्हा मला माझीच शिसारी येते.

कांताबाई आता शहागंजात एका दुकानापुढं लसूण सोलत बसते. तिचा बुडालेला पगार मी थोडा थोडा नेऊन दिला. पण तोही कसा? "ताईंनी पाठवलेत" म्हणून. दर वेळी ती ताईंना दुवा द्यायची, आणि मी ऐकून घ्यायचे.

परवा शेवटचे पाचशे दिले. सालं झटकून तिनं नोट कनवटीला लावली. म्हणाली, "आता फिटलं म्हणावं ताईला."

"व्हय, सांगते," म्हणाले.

पैसे पूर्ण फिटले.