शनिवारचं बेळगावचं विमान

रघूच्या पुतण्याचा फोन आला तेव्हा मी पंचवटीत न्हाव्याच्या खुर्चीत बसलो होतो, अर्ध्या तोंडाला साबण. "काका, नाना गेले... सकाळीच. छातीत कळ आली, बस, तेवढंच." मी वेड्यासारखं विचारलं, "कोण नाना?" माझ्यासाठी तो कायम रघूच होता, नाना तो गावाला. पण खरं सांगायचं तर विचारतानाच मला कळलं होतं. माणूस अशा वेळी उगाच थोडी सवलत मागून बघतो. न्हाव्याने मुकाट्याने साबण पुसला आणि मी अर्धी दाढी तशीच घेऊन सायखेड्याच्या बसमध्ये चढलो.

सायखेड्याच्या शाळेत आम्ही एका बाकावरचे. पुढे रघू पिंपळगाव बसवंतला द्राक्षांसाठी लागणारे पुठ्ठ्याचे खोके विकू लागला, मी एसटीत चिकटलो आणि कंट्रोलर म्हणून निवृत्त झालो. भेटला की तो हटकून म्हणायचा, "काय कंट्रोलरसाहेब, आज कुठली गाडी रद्द केली?" त्याला एकच मुलगी, सुजाता. लग्न होऊन बेळगावला गेली, तिथेच कॉलेजात शिकवते. तिला माहेरी यायचं म्हणजे रात्रभर बसमध्ये अंग मोडून घ्यायचं, आणि आल्या आल्या परतीचा विचार करायचा. त्यात जवळच्या ओझर विमानतळावरून बेळगावचं विमान सुरू झालं आणि आमच्या रघूला आभाळ ठेंगणं झालं. मुलगी शनिवारी दुपारी घरी, रविवारी परत. मी चिडवायचो, "एसटीवाल्याशी दोस्ती आणि लेक विमानात?" तर म्हणायचा, "तुझी गाडी खंबाटकीच्या घाटात उभी असते तोवर माझी पोर जेवून झोपलेली असते."

हे विमान सरकारी मदतीवर उडत होतं. लहान गावांना विमान मिळावं म्हणून सरकार कंपनीचा तोटा काही वर्षं भरून देतं. पुढे त्या मार्गाने स्वतःच्या पायावर उभं राहायचं. आणि मदत मिळते ती मुळात जिथे विमानं येत नाहीत किंवा नावापुरती येतात अशाच ठिकाणांना. रघूने हे सगळे नियम कुठून कुठून मिळवून वाचले होते. खोक्यांवर पट्टी मारता मारता तो गिऱ्हाइकांना पात्रता समजावून सांगायचा. मुदत संपत आली तेव्हा व्यापारी मंडळींना गोळा करून, आणखी काही वर्षं मदत मिळावी म्हणून मागणी त्यानेच लावून धरली. बाकीच्यांना निर्यात दिसत होती, याला शनिवार दिसत होता.

मग एकदा पाहणीला सरकारी माणसं येणार असं ठरलं. आता आपल्याकडे मुलगी बघायला पाहुणे येणार म्हटलं की शेजारचा सोफा उचलून आणतात, काकूच्या बांगड्या पोरीच्या हातात चढतात. घर भरलेलं दिसलं पाहिजे! रघूने नेमकं तेच केलं. फेटे बांधले, द्राक्षांच्या पेट्या रचल्या, सायखेडा-पिंपळगावची शंभरेक माणसं जीपगाड्या भरून विमानतळाबाहेर उभी केली. मीही होतो त्यात, फेटा माझ्याही डोक्यावर. मी कानात म्हटलं, "अरे रघ्या, आपल्याला मदत मागायची ना? मग ही जत्रा कशाला?" तर माझ्यावरच डाफरला, "पाव्हणे दारात येणार आन् आपण रडकं तोंड करून उभं राहायचं का? लोक काय म्हणतील!" आलेल्यांतला एक साहेब मोठा हसतमुख. शाल-श्रीफळ घेतलं, गर्दीकडे बघितलं आणि म्हणाला, "वा, इथे तर चांगलीच वर्दळ आहे. तुम्हाला आमची काय गरज?" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. रघूचा हात मात्र टाळी वाजवता वाजवता मध्येच थांबला, तो मी पाहिला. मदत मागायची तर आपलं उणं दाखवावं लागतं, हे त्याने वाचलं होतं, पण ते त्याच्या अंगात कधी उतरलंच नाही.

मुदत वाढली नाही. बेळगावचं विमान आधी आठवड्यातून एकदा झालं, मग बंद. तो साहेब काही एकट्याने ठरवणारा नव्हता, मदतीची वर्षंच संपली होती, हे मी रघूला किती वेळा समजावलं... तो ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "नाय रे. मीच घालवलं." सुजाता वर्षातून दोनदा येऊ लागली, दिवाळीला आणि मे महिन्यात. रघू त्यानंतर पात्रतेबद्दल कुणाशी एक शब्द बोलला नाही.

तो गेला त्या दिवशी सुजाता कळल्या कळल्या गाडीने निघाली. ऊन मी म्हणत होतं. दुपार कलली तशी भावकीतली माणसं कुजबुजायला लागली, आता थांबून चालणार नाही. रघूची बायको, शकुंतलावहिनी, एकच म्हणत होत्या, "लेक आल्याबिगर हलवायचं नाय." मी अंगणात जाऊन सुजाताला फोन लावला. ती सातारच्या अलीकडे गर्दीत अडकली होती. मागे नुसते हॉर्न वाजत होते. मग म्हणाली, "काका, थांबू नका. आईला सांगा, मीच सांगितलं म्हणून." ते वहिनींना सांगायचं माझ्या वाट्याला आलं. आयुष्यभर गाड्या सोडायचं काम केलं, पण इतकं जड मला कधी गेलं नव्हतं.

ती रात्री उशिरा पोचली, बापाजवळ आली ती थेट राख सावडायला. गोदावरीच्या काठावर, हात राखेने माखलेले, मला म्हणाली, "काका, खरं सांगा. बाबांमुळे बंद झालं होतं का?" मी म्हटलं, "नाही गं. शपथ घेऊन सांगतो." ती म्हणाली, "मीही त्यांना दर फोनवर हेच सांगायचे."

परवाच्या शनिवारी वहिनींकडे गेलो होतो. घरात आता त्या एकट्याच. त्या चुलीपाशी तांदूळ धूत होत्या, मी दाराशी बसलो होतो. तेवढ्यात ओझरकडून कसलं तरी विमान घरघरत घरावरून गेलं, हवाई दलाचं सरावाचं असेल. वहिनींनी वर पाहिलंही नाही. डब्यात हात घातला आणि आणखी एक मूठ तांदूळ पातेल्यात टाकला. मग त्यांचा हात तिथेच राहिला. "विमान वाजलं की हे वसरीतून वरडायचे," त्या म्हणाल्या, "'तांदूळ वाढव गं, पोर आली!' ... सवय लागली बघा, भाऊजी." मी म्हटलं, असू द्या. भात झाल्यावर त्यांनी तो जास्तीचा माझ्या ताटात वाढला. भूक अजिबात नव्हती. पण शीत न टाकता सगळा खाल्ला.