रामकिशनची खोटी हाळी

लातूरच्या एमआयडीसीत कागदाचं एक गोदाम होतं. क्लासवाल्यांच्या नोट्स छापायचा कागद तिथे उतरायचा. रेणापूरकडचा रामकिशन तिथे फोर्कलिफ्ट चालवी. गाडी गॅसवरची. सीटमागे आडवी टाकी. तिच्यातला पातळ गॅस नळीतून पुढे जायचा, इंजिनाच्या गरम पाण्याची ऊब लागली की त्याची वाफ व्हायची आणि हवेत मिसळून ती इंजिनात जळायची. काम संपलं की आधी टाकीचा नळ बंद करायचा, नळीतला उरलेला गॅस जळून इंजिन आपसूक बंद पडू द्यायचं, हे त्याला पाठ होतं.

त्या दुपारी तो चुकला. नुसती चावी फिरवून जेवायला गेला.

अर्ध्या तासाने परतला तर नळीच्या सांध्यावर पांढरं हिम साचलेलं. सूऽऽ आवाज, नाकात झोंबणारा वास. त्याने नळ आवळला. गार धातूने बोटं भाजल्यासारखी झाली. पण निसटलेला गॅस गेला कुठे? तो हवेहून जड, जमिनीलगत सरपटणारा. रामकिशन ओणवा होऊन वासामागे गेला. वास भिंतीखालच्या मोरीत शिरत होता. पलीकडे मुलींच्या हॉस्टेलची मेस, तीही तळघरात.

तो धावतच मेसच्या दारात पोचला. आत स्वयंपाकीण सिद्धम्मा मोठ्या शेगडीवर वरण ढवळत होती.

"माय, शेगडी बंद कर! मोरीतून गॅस यायलाय!"

"माझा गॅस बराबर हाय. साठ पोरींचं जेवण हाय, जा तू."

वर साठ मुली अभ्यासाला बसलेल्या. समजवायला वेळ नव्हता. लातूरकडच्या त्या मोठ्या भूकंपाला दहा वर्षं झाली होती, पण त्याची धास्ती कुणाच्या मनातून गेली नव्हती. रामकिशन जिवाच्या आकांताने ओरडला, "भूकंप! बाहेर पळा!"

जिने धडधडले. सिद्धम्मा डाव टाकून पळाली, शेगडी तशीच जळत राहिली. आता आत जायला तोच उरला. आता भडका उडणार, असं प्रत्येक पावलाला वाटत होतं. त्याने शेगडी विझवली, ठिणगी उडू नये म्हणून पंख्याच्या बटणाला हात न लावता दारं-खिडक्या उघडल्या.

काही झालं नाही. मुली वाचल्या.

सिद्धम्मा मात्र रस्त्यात बसून थरथरत होती. भूकंपात तिच्या दोन्ही लेकी गेल्या होत्या.

"खोटं बोललास?"

"हाव, माय. चूक माझीच. नळ उघडा ऱ्हायला."

पुढे आठ दिवस सिद्धम्मा छताखाली न जाता अंगणातच झोपली.