उठलं की गरगरतं

"तसं काय न्हाई, डाक्टर," असं म्हणत आण्णा स्टुलावर बसायचे. टोपी काढून मांडीवर ठेवायची, सदऱ्याची बाही स्वतःच वर सारायची आणि बीपी मोजायला हात पुढे करायचा. काय होतंय हे मी विचारायच्या आतच त्यांचं उत्तर आलेलं असायचं. तुम्हीही असे म्हातारे पाहिले असतील. आपल्यामुळे दुसऱ्याचा खोळंबा होऊ नये, एवढीच त्यांना काळजी.

माझा दवाखाना बेल्ह्यात, बैलबाजाराच्या रस्त्यावर. नव्वदच्या दशकात मी तिथं नवा होतो. बाजाराच्या दिवशी बाकावर जागा उरायची नाही. गर्दी होते म्हणजे आपण चांगले डॉक्टर, असं मला वाटायचं. आण्णा येडगावकडून कुणाच्या तरी टेम्पोत बसून यायचे. सत्तरी ओलांडलेली होती, पण बैल घेणारे लोक पारख करायला त्यांना आवर्जून बरोबर आणत. त्याबद्दल ते एका चहाखेरीज काही घेत नसत.

एकदा माझ्या ओळखीच्या, अवसरीच्या एका शेतकऱ्याला बैल घ्यायचा होता, म्हणून मीही आण्णांसोबत गेलो. बैल देखणा होता, बसून रवंथ करत होता. मालक त्याला उठवायला पुढे झाला.

"उठवू नका," आण्णा म्हणाले. "त्याचा त्यो उठू द्या."

आम्ही अर्धा तास उभे राहिलो. आण्णा समोर उकिडवे बसून बैलाकडं बघत होते. शेवटी बैल उठला. आण्णांनी त्याच्या मागच्या पायावरून हात फिरवला आणि मालकाला हळूच म्हणाले, "पावणं, पाय दुखतोय ह्याचा. गरीब हाय, दाखवत न्हाई." सौदा झाला नाही. मी मात्र घड्याळ बघत दवाखान्यात परतलो. एका बैलापायी अर्धा तास गेला म्हणून मनातून चिडलोही होतो.

त्यानंतर काही महिन्यांनी ते आले. "तसं काय न्हाई, डाक्टर. उठलं की जरा गरगरतं."

मी बसल्या जागी बीपी मोजलं. वाढलेलं होतं. "वय झालं बाबा आता," मी म्हणालो. "एकाऐवजी दोन गोळ्या घ्या."

"बरं."

उठताना त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली आणि क्षणभर डोळे मिटले. मी ते पाहिलं. पाहिलं, आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. "अजून गरगरतं." मी म्हणालो, "होईल कमी."

त्याच्या पुढच्या महिन्यात ते आलेच नाहीत, त्यांचा मुलगा आला. सकाळी गोठ्यात शेण काढून उभं राहताना ते पडले होते. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं होतं. "घरी येऊन बघून जाता का?" त्यानं विचारलं.

पडवीत खाटेवर ते पडून होते. मी घरातली सगळी औषधं मागवली. एका पिशवीत माझ्या गोळ्या होत्या, आणि लघवीच्या त्रासासाठी दुसऱ्या डॉक्टरांकडून आणलेल्याही होत्या. त्या गोळ्यांनीही बीपी उतरतं.

"ह्या कधीपासून घेता?"

"वरीस झालं आसंल. तुमी इचारलं न्हाई, म्हनून म्या बोल्लो न्हाई." त्यात तक्रार नव्हती.

ते आडवे असताना मी बीपी मोजलं, मग आधार देऊन बसवून मोजलं. आकडा इतका उतरला की मी पुन्हा एकदा मोजून पाहिला.

माझा चेहरा बघून तेच म्हणाले, "आमचं काय चुकलं का, डाक्टर?"

मुलगा शेजारी उभा होता. सूनबाईंनी चहा आणला होता. माझं चुकलं, एवढे दोनच शब्द बोलायचे होते. "नाही बाबा," मी म्हणालो, "गोळी जरा कमी करू." आणि चहा प्यालो.

गोळ्या कमी केल्यावर गरगरणं थांबलं. पाय मात्र पूर्वीसारखा झाला नाही. वॉकर धरून ते अंगणापर्यंत जायचे. बाजारात परत कधी आले नाहीत.

तेव्हापासून म्हाताऱ्या पेशंटांना मी घरातली सगळी औषधं घेऊन यायला सांगतो. त्यांना उभं करूनही बीपी मोजतो. दारापर्यंत कसे चालतात ते बघतो. काय होतंय हे विचारून झालं की गप्प बसतो, कारण खरं दुखणं बहुतेक वेळा दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यात येतं. एकेकाला वेळ लागतो. लोक माझं कौतुक करतात, आणि हे मला कुणी शिकवलं ते मी सांगत नाही.

तीन वर्षांनी ते गेले. दशक्रियेला नदीवर बरीच माणसं जमली होती. मी मागं उभा होतो, तेवढ्यात मुलानं मला पाहिलं आणि हाताला धरून पुढे नेलं.

"हे आमचं डाक्टर," तो भावकीतल्या लोकांना म्हणाला. "ह्यांच्यामुळं आण्णा आजून तीन वर्सं जगलं."

लोक सरकले, सतरंजीवर पुढं मला जागा करून दिली. मी तिथं जाऊन बसलो.