एकोणचाळिसाव्या पानापासून पुढे

मॅडमच्या पुस्तकाला मुंग्या लागल्या, ही गोष्ट खरी आहे.

(पुस्तकाला वाळवी लागते, कसर लागते, हे मलाही ठाऊक आहे. पण आमच्या घरी आलेल्या पुस्तकाला मुंग्याच लागणार!)

आमचं घर सांडोर गावात. घरची केळीची वाडी, आणि कॉलेजात गेलेला घरातला पहिला माणूस मी. त्यामुळे कॉलेजच्या वाचन गटात मी सगळ्यात मागे बसतो आणि कुणी काही विचारलं की आधी 'हो' म्हणतो. एके दिवशी गट चालवणाऱ्या मॅडमनी विचारलं, "इतिहासाने विसरलेल्या बायकांवरचं हे पुस्तक. रविवारी यावर कोण बोलेल?" मी नुसती मान वर केली होती. (पंखा का थांबला ते बघायला.)

"छान! हर्षल बोलेल. त्याच्याच घरी जमू या."

"हो," मी म्हणालो.

पुस्तक मॅडमचं स्वतःचं, आता कुठेच न मिळणारं. देताना त्या दोनदा म्हणाल्या, "जपून हं." इतक्या विश्वासाने मला आजवर कुणी काही दिलं नव्हतं. रविवारी नीट बोललो, तर निदान मधल्या बाकापर्यंत तरी सरकता येईल, अशी स्वप्नं मी बघू लागलो.

पहिल्या अडतीस पानांत मी प्रत्येक ओळीखाली पेन्सिलने रेघ मारली. (महत्त्वाचं कुठलं ते कळेना. उगाच कुणावर अन्याय नको!) एकोणचाळिसाव्या पानावर मला झोप लागली. ती आठवडाभर रोज त्याच पानावर लागत राहिली.

वाचायला मी वाडीतल्या मांडवापाशी बसायचो. मांडवावर सुकेळी वाळत होती. पिकलेली राजेळी केळी सोलून आठवडाभर उन्हात ठेवायची, रोज उलटायची. त्यांना मधासारखा पाक सुटतो. राखणीला माझी आत्या. बाबांची थोरली बहीण, शाळा सातवीत सुटलेली, हातात कावळे हाकलायची काठी. पुस्तक तिच्याजवळ ठेवून मी कॉलेजला जायचो.

शनिवारी पुस्तक उघडायला गेलो, तर ते उघडेना! एकोणचाळीसपासून शेवटापर्यंत पानाला पान चिकटलेलं, आणि पुठ्ठ्यातून मुंग्यांची रांग!

"आत्या! हे काय?"

"अरे, वारा सुटला. केळ्यांवरचं फडकं उडायला लागलं. दगड सापडेना, म्हणून ठेवलं वर. चांगलं वजनदार आहे."

"वजनदार? आत्या, यात केवढ्या मोठ्या बायका आहेत! त्यांच्या कष्टांची कुणी कदर केली नाही! तुला काय कळणार?"

"बरं बाबा," आत्या खाली मान घालून म्हणाली. "चहा ठेवू?"

"ठेव. आलं घाल."

मग घर कामाला लागलं. बाबा म्हणाले, "उन्हात टाक, सुकेल." (बाबांच्या मते जगातली कुठलीही अडचण आठ दिवस उन्हात टाकली की सुटते.) आईने उलथन्याने पानं सोडवून पाहिली, बेचाळिसावं पान निघालं, ते सत्तेचाळिसाव्याला सोबत घेऊनच! शेवटी तिने परातीत पाणी ओतलं, मधे वाटी पालथी घातली आणि लाडवांचा डबा ठेवावा तसं पुस्तक वाटीवर ठेवलं. "आता चढून दाखवा म्हणावं मुंग्यांना!"

रविवारी मॅडम आणि गटातली पाचजणं आली ती थेट परातीसमोर.

"हर्षल," मॅडम म्हणाल्या, "पुस्तकाला अंघोळ घालतोयस का?"

"मॅडम, ते... केळी... मुंग्या..."

"आधी बोल पुस्तकावर. मग बघू."

माझी अडतीस पानं चार मिनिटांत संपली. मॅडम वाट बघत होत्या.

"शेवटच्या प्रकरणातल्या बाईंबद्दल काय वाटलं?"

मी मनातल्या मनात देव आठवला. "त्या... फार सोशिक होत्या."

"सोशिक?" चहाचा ट्रे घेऊन दारात उभी असलेली आत्या ओरडली. "अरे, सासऱ्याला कोर्टात खेचलंन तिने! स्वतःची जमीन सोडवून घेतली! सोशिक म्हणे!"

मॅडम पुढे सरकल्या. "तुम्ही वाचलंत?"

"एकोणचाळीसपासून. आधीच्या पानांवर याने एवढ्या रेघा ओढल्यात, की अक्षर लागेना." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आणि फडक्यावर मी ते घटकाभरच ठेवलं होतं हो. चिकट झालं ते माझ्या बोटांनी. एक ओळ केळी उलटायची, एक पान उलटायचं. काल तू एवढा तापलास, की सांगायचं राहूनच गेलं."

मी परातीकडे बघू लागलो. (तिथे निदान मुंग्या तरी माझ्या बाजूच्या होत्या.)

आत्याने ट्रे खाली ठेवला आणि चाचरत विचारलं, "मॅडम, एक विचारू? त्या बाईला मुलगी होती. दावा जिंकल्यावर त्या पोरीचं पुढे काय झालं, ते पुस्तकात नाहीच. मी दोनदा शोधलं."

मॅडम म्हणाल्या, "कुणालाच माहीत नाही, आत्या. कुणी लिहूनच ठेवलं नाही."

"असं कसं?" आत्या म्हणाली, आणि तिथेच खाली बसली.

पुढे दीड तास गट आत्याशी बोलत होता. चहा दोनदा झाला. दुसरा मी केला.

निघताना मॅडमनी पुस्तक पिशवीत घातलं. पाकाबद्दल एक शब्द नाही! फक्त एवढंच म्हणाल्या, "हर्षल, त्या रेघांचं आपण सावकाश बोलू."

संध्याकाळी गटाच्या व्हॉट्सॲपवर त्यांचा निरोप आला : 'पुढच्या पुस्तकावर आत्यांनी बोलावं, अशी सर्वांची इच्छा. वार त्यांच्या सोयीने.'

मी तीनदा लिहून, दोनदा खोडून विचारलं, 'मॅडम, मी येऊ?'

लगेच उत्तर आलं : 'अर्थात! आत्यांना आणायला-सोडायला कुणीतरी हवंच की.'

स्कूटरची टाकी मी फुल करून ठेवली आहे.