मुडद्यांनी टोप्या काढल्या

डोव्ही स्टॅन्सिल किती वेळा मेली, याचा हिशेब देवानंही सोडून दिला असेल. कुऱ्हाडीनं मेली, फावड्यानं मेली, एकदा तर चर्चची घंटा डोक्यात पडून मेली. जॉर्जियातल्या आमच्या टॅलो क्रीकमध्ये झॉम्बींच्या मालिकेचं चित्रीकरण सुरू झालं आणि अर्धं गाव मुडदा झालं. न्हावी मुडदा, टपालवाला मुडदा, ट्रॅक्टर दुरुस्त करणारा मी, मीही मुडदाच. पण डोव्हीची चाल कुणाला जमली नाही. शाळेच्या स्वयंपाकघरात उभं राहून राहून तिचा एक गुडघा गेला होता. तो पाय ओढत ती निघाली की कॅमेऱ्यामागची माणसंसुद्धा अंग चोरायची.

मूळ मालिका एकदाची आटपली. आम्ही हुश्श करतोय तोवर तिच्याच पोटातून दुसरी निघाली. नाव नवं, गोष्ट तीच. पुन्हा एक टोळकं रानोमाळ पळतंय. पुन्हा तटबंदीतलं सुखी गाव, आणि तिथला गोडबोल्या मुखिया आतून राक्षस. पुन्हा कुणाला तरी चावा बसतो, तो बाही ओढून झाकतो आणि भर जेवणात मुडदा होऊन उठतो.

"एकच हाडूक हाय ह्यांच्याकडं," डोव्ही म्हणायची. "दर साली त्याचाच रस्सा. मी शाळंत असलं वाढलं असतं तर पोरांनी ताटं फेकून मारली असती."

असं बोलायची, आणि जायची. कारण या खेपेला तिला शब्द मिळाला होता. जिवंत बाईचं काम! अंगावर धड कपडे, तोंडात वाक्यं. कॅलिफोर्नियाहून आलेला सहायक दिग्दर्शक क्विन म्हणाला होता, "मिस डोव्ही, मुडद्यांचा हा शेवटचा जथा नीट करून द्या, मग तुम्ही जिवंतांत."

नेमकं त्याच दिवशी म्हाताऱ्या वीडा क्रम्पचं दफन आलं. याच वीडाच्या हाताखाली डोव्ही स्वयंपाकघरात घडली. तरी ती सकाळी चर्चमधल्या प्रार्थनेला गेली नाही. "वीडाला कळंल," मला म्हणाली. "मला टीव्हीवर बोलताना बघायची तिलाच लई हौस." पण हे सांगताना ती माझ्याकडं बघत नव्हती.

भर उन्हात आम्ही रस्त्यावर उभे होतो. गालावर सडकी कातडी चिकटवलेली, तोंडात किडके नकली दात. क्विननं भोंग्यातून इशारा दिला, आम्ही खुरडत निघालो, आणि वळणावर काळी शववाहिका आली. मागं दिवे लावलेल्या गाड्यांची रांग. रस्त्यावरच्या लाकडी अडथळ्यापाशी उभ्या माणसानं हात आडवा केला.

"थांबवा त्यांना तिथंच," क्विन ओरडला. "एवढा शॉट होऊ दे!"

आमच्याकडं शववाहिका दिसली की ट्रॅक्टर बांधावर थांबतो. ट्रकवाला ट्रक कडेला घेतो, भांडणारी नवराबायको गप होतात, टोपी आपोआप हातात येते. आत कोण आहे, विचारायचं नसतं. हे आईच्या कडेवर असल्यापासून अंगात भिनलेलं.

डोव्ही जथ्यातून बाहेर पडली आणि पाय ओढत अडथळ्याकडं गेली.

"मिस डोव्ही! कॅमेरा चालू आहे!"

"चालू दे की! आरं, खरं मेलेलं माणूस उन्हात तिष्ठत ठिवतोस, आन् खोट्या मुडद्यांना रस्ता देतोस व्हय?"

तिनं लाकडी अडथळा उचलून चरात फेकला आणि रस्त्याच्या कडेला उभी राहिली. आम्हीही तिच्या शेजारी ओळीनं. न्हाव्यानं टोपी छातीशी धरली. टपालवाल्याची टोपी नकली टाळूसकट चिकटवलेली होती. त्यानं टाळूसकट उपटली. गाडी हळूहळू आमच्यासमोरून गेली. मागच्या गाडीतून वीडाच्या मुलीनं काचेवर तळवा टेकवला.

क्विन धावत आला. आता हा हाकलणार, असं आम्हाला वाटलं. पण त्याचे डोळे लकाकत होते.

"कमाल केलीत! मुडद्यांना जिवंतपणीचं आठवतंय! दिग्दर्शक खूश आहेत. मिस डोव्ही, त्या छोट्या कामाचं विसरा. तुम्ही मुडद्यांच्या म्होरक्या, बोलणाऱ्या! सगळा सीझन तुमचा. फक्त चेहरे नीट आले नाहीत. त्या गाडीला फोन लावा, मागं फिरून पुन्हा एकदा येऊ दे."

"पुन्हा?" न्हावी म्हणाला.

डोव्हीनं तोंडातले नकली दात काढले आणि क्विनच्या तळहातावर आपटले.

"वीडाला मागं फिरवू? तुमच्यासाठी मी कितींदा मेले, कधी कुरकुरले न्हाई. तेच मढं पुन्हा पुन्हा उठवलंत, उठवा, मढं तुमचं होतं. ही बाई आमची हाय. ती एकदाच मरती."

"पण हे तर तुमचं स्वप्न होतं ना?"

"व्हतं! त्यापायीच आज तिच्या प्रार्थनेला गेले न्हाई. माझी मलाच लाज वाटती, आन् तो राग तुझ्यावर काढतीय. काढू दे."

क्विनचा आवाज बदलला. "आत्ता गेलात तर परत दार उघडणार नाही."

"लाव दार. आतून कडी घाल."

ती वळली. आम्ही चारपाच जण तिच्या मागं निघालो. गाड्या केव्हाच पुढं गेल्या होत्या. तिच्या गुडघ्याच्या चालीनं आम्ही दफनभूमीत पोचलो तेव्हा शवपेटी खाली उतरत होती. आम्हाला बघून पाद्री वाचता वाचता अडखळला. वीडाच्या मुलीनं मात्र सरकून जागा दिली. डोव्ही तिच्याशेजारी गालावरची कातडी ओरबाडत उभी राहिली. गोंद काही केल्या सुटेना, आणि ती दातांत शिव्या चावत होती, तिथं, पाद्र्यासमोर, कुणी ऐकलं तर ऐको.